हजारो चुका आणि एक पिवळा चौकोन

घरातला कॉम्प्युटर रडतखडत चालत होता. सुरू झाला तरी वापरता येईपर्यंत बराच वेळ जायचा. मधूनच सगळं गोठायचं, म्हणजे माउस हलतोय पण क्लिक लागत नाही, आणि मग एकदम साचलेले सगळे क्लिक एकाच वेळी लागायचे. घरात तो सगळेच वापरतात, त्यामुळे तक्रारी चहूबाजूंनी होत्या. शेवटी देखभालीसाठी एखादा चांगला युटिलिटी संच घेऊन टाकू असं ठरलं. एकाच खिडकीत कचरा काढणारा, रजिस्ट्री दुरुस्त करणारा, ड्रायव्हर (म्हणजे साउंड कार्डासारखे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणारा, डिस्क तपासणारा, चुकून पुसलेल्या फायली परत आणणारा, असा सगळा लवाजमा. बायकोची अट एकच होती. "मला त्यात काही शिकायचं नाहीये. एक बटण दाखव, मी ते दाबेन."

संच निवडण्याआधी मोजमापाची सोय केली, कारण "आता बरं वाटतंय" यावर माझा भरवसा नाही. पैसे देऊन आणलेली गोष्ट बरी वाटतेच. सुरू व्हायला किती वेळ लागला ते विंडोज स्वतःच लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स असं आत जायचं आणि क्रमांक १००ची नोंद शोधायची. वेळ मिलिसेकंदांत असतो. एक काळजी घ्यायची: मोजण्यासाठी शटडाऊन नाही, रीस्टार्ट करायचं. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊन केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते. त्यामुळे ती तुलना फसवी ठरते.

पहिला संच चाचणीसाठी उतरवला. नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखे बरेच आहेत. "मोफत तपासणी" दाबल्याबरोबर लाल आकडा धावायला लागला आणि काही हजारांवर जाऊन थांबला. इतक्या चुका असूनही हा कॉम्प्युटर चालू कसा होता, याचंच आश्चर्य वाटावं. तपशील उघडायचं बटण कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं. तिथे पाहिलं तर प्रत्येक कुकी, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात राहावं म्हणून साइटने ठेवलेली बारीक नोंद, ही एक 'चूक', ब्राउझरने साठवलेलं प्रत्येक चित्र एक 'चूक', रजिस्ट्रीतली प्रत्येक रिकामी नोंद एक 'चूक'. दहा किलोबाइटची तात्पुरती फाइल आणि बंद पडू घातलेली डिस्क यांना या हिशेबात सारखंच वजन. किंबहुना डिस्कला काहीच वजन नव्हतं, तिच्यापुढे हिरवी टिकली होती. त्या टिकलीकडे पुढे येतो.

साफसफाई करून घेतली. रीस्टार्ट केलं. १०० क्रमांकाच्या नोंदीत फरक म्हणावा असा काही नव्हता. मात्र आईला प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागलं, कारण 'चुकां'मध्ये तिच्या सगळ्या कुकी गेल्या होत्या. काही दिवस नेहमीसारखं वापरून पुन्हा तपासणी केली, तर पुन्हा शेकडो चुका. साहजिकच आहे, ब्राउझर वापरला की कुकी येणारच. यंत्र वापरणं हाच या तपासणीच्या लेखी रोग आहे.

हा माझा एकट्याचा संशय नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०१९मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांकडून मिळून ३.५ कोटी डॉलर वसूल केले. ऑफिस डेपोच्या दुकानात ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर जी 'आरोग्य तपासणी' चालवली जायची, ती सुरुवातीलाच चार प्रश्न विचारायची: यंत्र हळू झालंय का, पॉप-अप येतात का, अशा छापाचे. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यातल्या कोणत्याही एका प्रश्नावर खूण केली की निकालात मालवेअरची लक्षणं दिसायची, प्रत्यक्ष तपासणीत काहीही निघो. २०२४मध्ये याच आयोगाने रेस्टोरो आणि रिइमेज या दुरुस्ती-सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांशी २.६ कोटी डॉलरची तडजोड केली. मायक्रोसॉफ्टनेही १ मार्च २०१८पासून, घाबरवून पैसे भरायला लावणाऱ्या क्लीनर-ऑप्टिमायझरना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवून विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसकरवी काढून टाकायला सुरुवात केली.

मग प्रश्न पडला की हे संच मुळात जन्माला का आले? कारण एके काळी त्यांची खरीच गरज होती. पीटर नॉर्टन यांची नॉर्टन युटिलिटीज १९८२ साली आली. डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, फाइल पुसली की मजकूर डिस्कवरून जात नसे, यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलत असे आणि तिची जागा मोकळी धरली जात असे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाण्याआधी ते अक्षर परत बसवून देणारा प्रोग्राम म्हणजे बुडालेलं काम वर काढणारा माणूस. डॉस स्वतः हे करत नव्हतं, म्हणून नॉर्टन विकलं गेलं. पण १९९१च्या डॉस ५मध्ये पुसलेली फाइल परत आणायची आज्ञा आली. १९९३च्या डॉस ६मध्ये फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवणारा डीफ्रॅग आला, आणि तोही नॉर्टनची कंपनी विकत घेतलेल्या सिमँटेककडून परवाना घेऊन, म्हणजे नॉर्टनच्याच घरातून. तेव्हापासून हेच चाललंय. संचातलं जे खरोखर उपयोगी, ते आज ना उद्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये येतं, आणि संच विकणाऱ्याला नवा आजार शोधावा लागतो.

हे लक्षात आल्यावर माझी निवडीची पद्धतच बदलली. संचांची एकमेकांशी तुलना बंद केली. प्रत्येक संचाच्या प्रत्येक अवजारापुढे एकच प्रश्न: हे विंडोज आधीच करतं का?

डीफ्रॅगचं उत्तर सोपं. विंडोज ८पासून 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' आठवड्यातून एकदा आपणहून चालतं. फिरती हार्ड डिस्क असेल तर तुकडे जुळवतं, एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क असेल तर ट्रिमची, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते कळवणारी सूचना पाठवतं. एसएसडीवर फायलींचे तुकडे जुळवत बसण्याने वेग वाढत नाही, लिहिणं तेवढं वाढतं. तात्पुरत्या फायलींसाठी 'स्टोरेज सेन्स' आहे. सुरुवातीला आपोआप कोणते प्रोग्राम चालू होतात ते टास्क मॅनेजरमध्येच दिसतं आणि बंदही करता येतं. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात, ग्राफिक्स कार्डासारखे खास ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याच्या साइटवर मिळतात. नीट चालणाऱ्या साउंड कार्डाचा ड्रायव्हर केवळ तारीख जुनी आहे म्हणून तिसऱ्याच कुणाच्या गोदामातून आणून बसवायचं कारण मला आजवर कळलेलं नाही.

पुसलेल्या फायली परत आणण्याचं अवजार मात्र विंडोजमध्ये तयार दिसत नाही, म्हणून ते संचाच्या बाजूने धरलं होतं. पण तिथेही पाणी मुरतंय. एसएसडीवर फाइल पुसली की ट्रिममुळे ती जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळतं, आणि मग तिथला मजकूर परत मिळायची आशा बहुधा संपते. नॉर्टनची मूळ जादू एसएसडीने जवळजवळ मोडीत काढली आहे. त्याची जागा बॅकअप घेतो.

रजिस्ट्रीवर थोडं जास्त लिहायला हवं, कारण जाहिरातींचा सगळा जोर तिथे असतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि प्रोग्रामांची सेटिंग ठेवायची जागा. प्रोग्राम काढून टाकल्यावर त्याच्या काही नोंदी मागे राहतात हे खरं. पण विंडोज ती वही पहिल्या पानापासून वाचत नाही. ज्या किल्लीचं काम आहे तिथे थेट जातं. मागे राहिलेल्या शंभर-दोनशे नोंदी कुणी विचारल्याशिवाय कुणाच्या वाटेत येत नाहीत, आणि त्यांनी व्यापलेली जागा एखाद्या फोटोपेक्षाही कमी असते. उलट क्लीनरने एखादी कामाची नोंद निरुपयोगी समजून उडवली तर काय बिघडलं हे शोधणं महाकठीण. मायक्रोसॉफ्टची लेखी भूमिका अशी आहे की आम्ही रजिस्ट्री क्लीनरचा पुरस्कार करत नाही, आणि त्यातून झालेला बिघाड दुरुस्त होईलच याची हमी देत नाही. माझ्यापुरता निर्णय झाला: ज्या संचाच्या जाहिरातीत रजिस्ट्री सगळ्यात वर, तो यादीतून सगळ्यात आधी बाद.

'प्रीफेच साफ करा' हाही असाच प्रकार. कोणता प्रोग्राम सुरू होताना काय काय वाचतो याच्या नोंदी विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं, पुढच्या वेळी लवकर उघडता यावा म्हणून. त्या पुसल्यावर वेग वाढेल असं म्हणणाऱ्याने ते फोल्डर कशासाठी आहे हे तरी पाहायला हवं होतं.

दुसरा संच पहिल्यापेक्षा सभ्य होता. आरडाओरडा नाही, लाल आकडे नाहीत. एखादा प्रोग्राम पूर्ण काढून टाकायचं त्याचं अवजार मला आवडलंही. पण तो संचच काढून टाकल्यावर ऑटोरन्स उघडून पाहिलं, तर त्याची एक सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) आणि दोन ठरावीक वेळची कामं मागे तशीच होती. दुसऱ्याचे अवशेष पुसणाऱ्याला स्वतःचे दिसत नाहीत, याला काय म्हणावं! हे ऑटोरन्स म्हणजे सिसइंटर्नल्सचं अवजार. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६मध्ये हे काम सुरू केलं आणि २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. आजही मोफत मिळतं. टास्क मॅनेजर स्टार्टअपमधली मोजकी नावं दाखवतो, ऑटोरन्स सर्व्हिस, ठरावीक कामं, राइट-क्लिकच्या मेनूत घुसलेली पिल्लं, सगळं दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय चालू केला की उरलेली यादी माणसाला वाचता येण्याजोगी होते. आमच्या यंत्रावर त्या यादीत केव्हाच टाकून दिलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर निघालं, अजून रोज हजेरी लावणारं.

विश्वासाचा मुद्दाही इथेच येतो. असा संच प्रशासकाच्या अधिकाराने चालतो, म्हणजे आपण त्याला घराच्या सगळ्या किल्ल्या देतो. सीक्लीनर हे कचरा काढणारं किती जणांचं आवडतं अवजार होतं! जुलै २०१७मध्ये ते बनवणारी पिरिफॉर्म ही कंपनी अवास्टने घेतली, आणि सप्टेंबरमध्ये उघड झालं की त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. ती आवृत्ती अधिकृत साइटवरूनच उतरत होती, तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल सही होती, आणि सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरवर ती पोहोचली. वापरणाऱ्यांचा यात काहीच दोष नव्हता. यातून मी एवढंच घेतलं की इतके अधिकार असलेली सॉफ्टवेअर यंत्रावर जितकी कमी तितकं बरं. पुढे २०२२मध्ये अवास्ट आणि नॉर्टनलाइफलॉक एक होऊन जेन डिजिटल झालं, म्हणजे सीक्लीनर आणि नॉर्टन आता एकाच छताखाली आहेत. 'कोणता संच चांगला' अशा तक्त्यात ही नावं प्रतिस्पर्धी म्हणून शेजारी शेजारी दिसली की गंमत वाटते.

आता ती हिरवी टिकली. दोन्ही संचांनी आमच्या डिस्कला 'उत्तम' म्हटलं होतं. तरी यंत्र गोठायचं तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष वाचन जवळजवळ शून्य, हे काही मला पटेना. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं, मोफत अवजार उतरवलं. त्याने काही विचारलं नाही, काही विकलं नाही. वरच्या कोपऱ्यात पिवळा चौकोन आणि 'सावधान'.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात बऱ्याच ओळी असतात, पण हार्ड डिस्कच्या बाबतीत मी तीनच बघतो: ०५, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेली सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे), सी५, म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालाची वाट पाहणारी सेक्टर, आणि सी६, म्हणजे दुरुस्त न होणारी. या तिन्हींचा आकडा शून्य असावा. आमच्याकडे सी५ शून्य नव्हता. डिस्कचा एकंदर निकाल निर्मात्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली तरच 'नापास' होतो, आणि ती मर्यादा इतकी सैल असते की बरीच सेक्टर गेलेली डिस्कही दिमाखात पास होते. संच फक्त तो एकंदर निकाल विचारत होते आणि टिकली लावत होते. क्रिस्टलडिस्कइन्फो ओळी वाचत होतं.

गोठण्याचं कोडं सुटलं. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर डिस्क पुन्हा पुन्हा डोकं आपटते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि तोवर बाकी सगळे रांगेत. अशा डिस्कवर आम्ही 'खोल साफसफाई' आणि डीफ्रॅग चालवायला निघालो होतो, म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यातला प्रकार.

त्यानंतर संचाचा विषय बाजूला ठेवला. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवली, महत्त्वाचं आधी, मोठं नंतर, कारण मरती डिस्क किती वेळ देईल सांगता येत नाही. दोन-तीन फायली आल्या नाहीत, सुदैवाने त्या सिनेमाच्या होत्या. मग एसएसडी बसवली. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करायचा मोह होता, पण खराब सेक्टरांसकट नक्कल करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकलेलं बरं. परवान्याची भीती वाटत होती, ती फोल ठरली. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपणहून सक्रिय झालं. यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत होतं, म्हणून तेच टाकलं. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, आणि सुरक्षेचे अपडेट नसण्यावर कुठल्याही देखभाल-संचाकडे उतारा नाही.

१०० क्रमांकाच्या नोंदीतला आकडा एसएसडीनंतर असा काही खाली आला की दोन्ही संचांच्या साफसफाईची तुलना करायचं कारणच उरलं नाही.

आता निवड सोपी होती. आमचा 'संच' असा झाला: डिस्कवर कशाने जागा व्यापलीय ते बघायला विनडर्स्टॅट, आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींसाठी ऑटोरन्स, डिस्कच्या तब्येतीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. तिन्ही मोफत, आणि यातलं काहीच सतत पार्श्वभूमीला चालत बसत नाही. विनडर्स्टॅट रंगीत चौकोनांत फायली दाखवतं. ज्या कचऱ्यासाठी आम्ही संच घ्यायला निघालो होतो तो तिथे एका नजरेत दिसतो, आणि बहुतेक वेळा ते जुने व्हिडिओ आणि दोनदा-तीनदा उतरवलेल्या फायली असतात. कुकी तिथे दिसतसुद्धा नाहीत, इतक्या छोट्या.

पैसे फक्त बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर घातले. ते निवडतानाही चार गोष्टी आधी पाहिल्या. आपोआप नूतनीकरण बंद करता येतं का. मुदत संपल्यावर जुना बॅकअप उघडता येतो की ओलीस राहतो. विंडोज सुरूच झालं नाही तर चालणारी पेनड्राइव्ह बनवता येते का. आणि एकच फाइल परत हवी असेल तर सगळं उलगडावं लागतं का. दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण गळाले. घेतल्यावर एक फोल्डर मुद्दाम दुसऱ्या जागी परत आणून पाहिलं, फोटो उघडून पाहिले. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

बायकोच्या एका बटणाचं काय? तिची अट मी हसण्यावारी नेली नव्हती. संचांचा खरा गुण तोच आहे, चार ठिकाणी जावं लागत नाही, आणि घरात कुणालाच यात रस नसेल तर एखादा शांत, न ओरडणारा संच घेण्यात मला गैर वाटत नाही. फक्त त्यातलं रजिस्ट्रीचं आणि ड्रायव्हरचं अवजार बंद करून ठेवावं. आमच्याकडे स्टोरेज सेन्स महिन्यातून एकदा आपोआप चालेल असं लावलं. डाउनलोड्स फोल्डरला मात्र 'कधीच नाही', कारण आई सगळं तिथेच ठेवते. बॅकअपही ठरल्या वेळी आपला आपण होतो. "म्हणजे बटण कुठलंच नाही?" बायकोने विचारलं. नाही. तिला ते जास्तच पसंत पडलं.

राहता राहिली जुनी डिस्क. विंडोजचं पूर्ण फॉरमॅट, म्हणजे 'क्विक'ची खूण काढून केलेलं, व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं, त्यामुळे धडधाकट हार्ड डिस्कसाठी संचातल्या 'श्रेडर'ची, म्हणजे मजकूर कायमचा पुसणाऱ्या अवजाराची गरज नसते. पण जी सेक्टर डिस्कने आधीच बाजूला काढलीत तिथे फॉरमॅट पोहोचत नाही, आणि जी वाचताच येत नाहीत तिथे काय राहिलं ते कळत नाही. म्हणून ती कुणाला दिली नाही. उघडून आतल्या तबकड्यांवर खोल ओरखडे काढले आणि ई-कचऱ्यात दिली. आतली दोन चुंबकं तेवढी मुलीने काढून घेतली.